रुमाल, ग्रंथपेटी आणि संगणकाची फाइल

आमच्या घराच्या माळ्यावर तीन गाठोडी होती. जुन्या लाल कापडात बांधलेली. आजी त्यांना ‘रुमाल’ म्हणायची. आजीला मोडी वाचता येत नव्हती. पण घराचा कागद कुठल्या रुमालात, कोकणातल्या गावचा कुठल्यात, पणजोबांच्या नेमणुकीचे पत्र कोणत्या दोऱ्याने बांधले आहे, हे तिला तोंडपाठ होते. कोणी विचारले की दोन मिनिटांत कागद हातात. आजी गेली आणि पुढच्याच वर्षी एका जुन्या कागदाची गरज पडली. मी आणि धाकटा भाऊ तीन रविवार माळ्यावर बसलो. एकेक घडी उलगडायची, काही कळले नाही की पुन्हा घडी घालायची. शेवटी भाऊ म्हणाला, ‘‘दादा, वाचताच येत नसेल तर हे ठेवायचे कशाला?’’

त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. ते उत्तर शोधताना आपल्या बडोद्याच्या इतिहासातल्या काही गोष्टी हाती लागल्या. त्या या स्मरणिकेच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवतो. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. संगणकाचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलो आणि फाइली हाच माझा रोजचा धंदा आहे, कागदाच्याही आणि संगणकातल्याही. म्हणून या लेखात दोन्ही येतील.

पहिली गोष्ट दफ्तराची. मराठी राज्यकारभार मोडीत चालला तो वेगासाठी. आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग बोरू फारसा न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जायचे. लिहिणाऱ्याची त्यात मोठी सोय. वाचणाऱ्याची मात्र परीक्षा, कारण शब्द आणि शब्द यांत अंतर नाही. कुठे एक संपला आणि दुसरा सुरू झाला हे वाचकाने ठरवायचे. असे कागद चौकोनी कापडात बांधले की झाला रुमाल, आणि रुमालांच्या रांगा म्हणजे दफ्तर. गायकवाडांच्या बडोद्यातही हाच रिवाज होता. लिहिणे जलद आणि ठेवणे सोपे. सगळा भार पडायचा तो पुढे कधीतरी वाचणाऱ्यावर.

तो भार किती मोठा असतो हे ज्यांनी अनुभवले ते बडोद्याचेच एक नोकर होते. गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ साली सयाजीराव महाराजांच्या नोकरीत आले. महाराजांना ग्रंथ वाचून दाखवणे हे त्यांचे एक काम. राजपुत्रांना शिकवण्याचे कामही त्यांच्याकडे होते आणि त्या शिकवण्यातूनच ‘रियासती’चे खंड उभे राहिले. म्हणून ते आपल्याला रियासतकार या नावाने ठाऊक आहेत. निवृत्तीनंतर ते कामशेतला राहायला गेले आणि तिथे असताना, १९२९ च्या सुमारास, पुण्याच्या पेशवे दफ्तरातून निवडक कागद छापण्याचे काम त्यांच्याकडे आले.

त्या दफ्तरात हजारो रुमाल होते. ते लावलेले होते मुख्यतः इनाम, वतन आणि महसूल यांच्या चौकशीसाठी, कारण इंग्रजांना त्याचीच गरज होती. पानिपतचे पत्र कुठे आहे, असे विचारले तर त्या मांडणीत उत्तर मिळणार नाही. सरदेसाई आणि त्यांचे सहकारी यांनी रुमाल सोडले, कागद वाचले, निवडले, त्यांच्या तारखा लावल्या आणि विषयवार ४५ खंड थोड्या वर्षांत छापून काढले. आज कोणी अभ्यासक घरी बसून पानिपतच्या मोहिमेची पत्रे वाचतो ती या खंडांमुळे. एका माणसाने आपल्या सोबत्यांसह माळ्यावरच्या फेऱ्या घातल्या आणि पुढच्या सगळ्यांच्या वाचवल्या.

दुसरी गोष्ट मांडवीजवळच्या आपल्या सेंट्रल लायब्ररीची. आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी तिच्या पायऱ्या चढल्या असतील. सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्यात लागू केला. मुले वाचायला शिकली. पण शाळा सुटल्यावर खेड्यात वाचायचे काय? पुस्तक हाताशी नसेल तर चार वर्षांत अक्षर विसरते. मोतीभाई अमीन यांनी ‘मित्रमंडळ’ वाचनालये काढून या कामाला आधीच हात घातला होता. १९१० साली महाराजांनी अमेरिकेतील न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम अॅलन्सन बॉर्डन यांना बडोद्यात आणले. ते तीन वर्षे इथे राहिले.

तीन वर्षांत त्यांनी केलेल्या गोष्टींपैकी तीन माझ्या आजच्या विषयाच्या आहेत.

एक, कार्डांची सूची. तोपर्यंत पुस्तकांची यादी म्हणजे वही. नवे पुस्तक आले की शेवटी नोंद. शोधायचे तर पहिल्या पानापासून बोट फिरवत जा. कार्डाच्या पद्धतीत प्रत्येक पुस्तकाला स्वतंत्र कार्ड असते आणि ती कार्डे अक्षरानुक्रमे खणांत लावलेली असतात. नवे कार्ड मधे सारता येते, जुने काढता येते, वही पुन्हा लिहावी लागत नाही. वाचक थेट हव्या त्या खणाशी जातो. कार्डावर पुस्तकाची जागा लिहिलेली. जागा कळली की कपाट दूर नाही.

दोन, मोकळी कपाटे. पुस्तक मागायचे, शिपायाने आत जाऊन आणायचे, ते नको असेल तर परत पाठवून दुसरे मागायचे, असा तेव्हाचा शिरस्ता. इथे वाचकालाच कपाटांपाशी जाऊ दिले. आपल्या लायब्ररीतले लोखंडी मांडणीचे मजले आणि त्यांच्या काचेच्या फरशा आठवा. वरच्या मजल्याचा उजेड खालीही पोचावा आणि माणसाला पुस्तकाच्या पाठीवरचे नाव स्वतः वाचता यावे, अशी ती योजना.

तीन, फिरती ग्रंथपेटी. खेड्यातल्या एका वाचकाने एक पुस्तक मागवायचे, ते वाचून परत पाठवायचे, मग दुसरे मागवायचे, तर अर्धे आयुष्य टपालात जाईल. त्याऐवजी मजबूत लाकडी पेटीत निवडक पुस्तके भरून पेटीच गावाला पाठवायची. गाव ती वाचून संपवते आणि मग दुसरी पेटी येते. फेरी एक, पुस्तके अनेक. ज्या गावांना स्वतःचे वाचनालय हवे होते त्यांच्यासाठी खर्चाची तीन वाट्यांची व्यवस्था होती: एक वाटा गावाचा, एक प्रांत पंचायतीचा, एक सरकारचा.

बॉर्डन १९१३ मध्ये परत गेले, पण काम थांबले नाही. जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी ते पुढे नेले आणि १९१९ मध्ये बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. ‘लायब्ररी मिसेलनी’ हे त्रैमासिक १९१२ पासून निघत होते, त्यात इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी मजकूरही असे. पुढे न्यूटन मोहन दत्त यांनी १९२८ मध्ये बडोदे आणि तिथली ग्रंथालये या विषयावर ग्रंथ लिहिला. कार्डे कशी लिहायची, पेटी कशी भरायची, याचे शिक्षण देणारा वर्गही बडोद्यात १९११ मध्येच सुरू झाला होता.

आता संगणकाकडे वळतो. ज्यांना या यंत्राचा कंटाळा आहे त्यांनीही पुढचे वाचावे. गोष्ट पेटीचीच आहे.

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी आम्हाला ‘सी’ भाषेत एक प्रोग्रॅम लिहायला दिला: फाइल वाचा आणि तिच्यात किती ओळी आहेत ते मोजा. मी लिहिलेला प्रोग्रॅम फाइलमधून एकेक बाइट मागत होता. उत्तर बरोबर यायचे, पण मोठ्या फाइलला घाम फुटायचा. सरांनी विचारले, ‘‘किराणा आणायला जातोस तेव्हा साखरेचा एकेक दाणा आणतोस का?’’

प्रोग्रॅमला चकती थेट वाचता येत नाही. त्याला दर वेळी संगणकाच्या मुख्य कारभाऱ्याकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमकडे, अर्ज करावा लागतो. अर्ज छोटा असो की मोठा, खिडकीपर्यंत जाण्या-येण्याचा वेळ तोच. म्हणून भाषेसोबत जे तयार कोड मिळते त्यात एक पेटी ठेवलेली असते. या तयार कोडाच्या साठ्याला संगणकवाले ‘स्टँडर्ड लायब्ररी’ म्हणतात. लायब्ररी हा शब्द तिथेही चुकला नाही. त्या पेटीला म्हणतात ‘बफर’. प्रोग्रॅमने एक अक्षर मागितले तरी लायब्ररी कारभाऱ्याकडून पेटीभर मजकूर आणून ठेवते आणि पुढची अक्षरे पेटीतूनच देत जाते.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ‘सी’साठी वाचन-लेखनाची ही सोय घडत गेली. त्यातले सुरुवातीचे काम माइक लेस्क यांचे. १९७९ मधल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ती आजच्या ओळखीच्या रूपात दिसते आणि तेव्हाची पेटी होती ५१२ बाइटची. हिशोब करून पाहा. एक लाख बाइटची फाइल एकेक बाइट वाचली तर एक लाख फेऱ्या. ५१२ च्या पेटीने १९६ फेऱ्या. पायथॉन या भाषेत अनेक वर्षे ८१९२ बाइटची पेटी वापरात होती. तिने फक्त १३.

म्हणजे पेटी जितकी मोठी तितके बरे का? तसेही नाही. ज्याला एकच पुस्तक हवे त्याच्या दारात मोठी पेटी नेऊन ठेवली तर उरलेली पुस्तके नुसती पडून राहतात, आणि घरातली जागा अडते ती वेगळीच. संगणकातही अख्खी फाइल एकदम उचलून स्मृतीत भरली तर मोठ्या फाइलला यंत्र गुदमरते. फाइल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची असेल तर पेटी उत्तम. मधलीच एखादी ओळ हवी असेल तर कार्ड हवे, म्हणजे ती ओळ कुठे आहे हे आधी ठाऊक हवे. आणि मोकळ्या कपाटासारखीही सोय आहे. तीत फाइल पेटीत न उतरवता जणू स्मृतीतच मांडलेली आहे असे दाखवतात आणि प्रोग्रॅम हव्या त्या पानापाशी स्वतः जातो. बॉर्डनसाहेबांनी लायब्ररीत आणलेल्या तिन्ही सोयी संगणकाच्या लायब्ररीत या ना त्या रूपात सापडतात.

यातला एक अलीकडचा प्रसंग सांगण्यासारखा आहे. डिसेंबर २००८ मध्ये पायथॉनची तिसरी पिढी आली. तिच्यात फाइल वाचण्याची व्यवस्था नव्याने मांडली होती, तीन थरांत: तळाशी कच्चे बाइट, त्यावर पेटी, त्यावर बाइटांची अक्षरे करून देणारा वाचक. मांडणी स्वच्छ होती; पण ती मुख्यतः पायथॉनमध्येच लिहिलेली असल्याने फाइल वाचणे फार मंदावले. लोकांनी तक्रार केली. करणाऱ्यांनी मांडणी मोडली नाही. तेच तीन थर ‘सी’ भाषेत पुन्हा लिहिले आणि जून २००९ च्या पुढच्या आवृत्तीत दिले. कामागणिक वेग दुपटीपासून वीसपटीपर्यंत वाढला. ज्यांनी ती भाषा वापरून प्रोग्रॅम लिहिले होते त्यांना आपल्या प्रोग्रॅममध्ये एक अक्षरही बदलावे लागले नाही. लायब्ररी सुधारली की तिच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्यांचे वाचन सुधारते, आणि बहुतेकांना ते कोणी केले हे कळतही नाही.

त्या तिसऱ्या थरातल्या वाचकाचे काम आपल्या मराठीला विशेष लागते. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावते. आज सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या ‘क’ला तीन बाइट लागतात, आणि त्याला वेलांटी दिली की आणखी तीन. आता ८१९२ ला तीनने भागून पाहा, दोन उरतात. सलग देवनागरी मजकूर असेल तर पेटीच्या शेवटी एका अक्षराचे दोन बाइट राहतील आणि तिसरा पुढच्या पेटीत येईल. घाईने वाचणारा प्रोग्रॅम तिथे चुकीची खूण छापतो. शहाणा वाचक ते दोन बाइट हातात धरून ठेवतो, पुढची पेटी येईपर्यंत थांबतो आणि मग अक्षर पुरे करतो. मोडी वाचणारा जुना कारकून ओळीच्या शेवटी अर्धा राहिलेला शब्द मनात धरून पुढच्या ओळीवर जायचा, तसेच हे. आणि गंमत म्हणजे २०१४ मध्ये मोडीलाही युनिकोडमध्ये जागा मिळाली. तिच्या अक्षराला चार बाइट लागतात. नुसती मोडीच मोडी असेल तर ८१९२ च्या पेटीत बरोबर २०४८ अक्षरे बसतात, एकही तुटत नाही!

आता पुन्हा नोकरीकडे. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात जुन्या नोंदींची मोठी फाइल तपासायची होती. हातात क्रमांकांची यादी होती आणि प्रत्येक क्रमांकाची नोंद शोधायची होती. प्रोग्रॅम मीच लिहिला होता. सकाळी सुरू केला, जेवणाची सुट्टी झाली, चहा झाला, तरी चालूच. यंत्र जुने झाले, नवे मागवा, असा शेरा बहुतेक लिहिला जाणारच होता. संध्याकाळी मी माझाच प्रोग्रॅम शांतपणे वाचला. प्रत्येक क्रमांकासाठी तो फाइल नव्याने उघडत होता आणि पहिल्या ओळीपासून वाचत होता. पेटी होती, वेग होता. पण हजारदा तोच रुमाल सोडून पुन्हा बांधणे चालले होते. मी फाइल एकदाच वाचली, प्रत्येक क्रमांक कुठे आहे याचे टाचण स्मृतीत केले आणि मग शोधले. दुसऱ्या दिवशी चहा येण्याआधी काम संपले. यंत्र तेच होते.

त्या रात्री मला माळ्यावरचे तीन रविवार आठवले. भावाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिथे होते. आम्हाला मोडी येत नाही ही अडचण खरी. पण त्याहून मोठी अडचण ही की आजी हीच आमची सूची होती आणि तिच्या हयातीत आम्ही ती कुठे उतरवून घेतली नाही. मोडी वाचणारा माणूस आजही शोधला तर भेटतो. त्याच्यापुढे तीन गाठोडी टाकली तर तोही थकेल. त्याच्यापुढे नेमका एक कागद ठेवला तर अर्ध्या तासात अर्थ सांगेल.

मंडळी, आपल्यापैकी कित्येक घरे पिढ्यान्‌पिढ्या बडोद्यात आहेत. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १ मे १९६० ला गुजरात राज्य झाले. कचेरीची भाषा बदलली, मोडी शाळेतून गेली, मुले इंग्रजी माध्यमात शिकली आणि आता परदेशीही आहेत. जुने वाडे पाडून सदनिका होत आहेत. वाड्याबरोबर माळा जातो आणि माळ्याबरोबर रुमाल. काही घरांनी फोनवर कागदांचे फोटो काढून ठेवले आहेत, हे चांगलेच आहे. पण नाव न दिलेले पाचशे फोटो म्हणजे संगणकातला रुमालच. कोणता कागद कशाचा हे माहीत नसेल तर पुन्हा पहिल्यापासून एकेक उघडून पाहणे आले.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. या गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत प्रत्येक घराने आपल्या जुन्या कागदांपैकी फक्त दहा कागद घ्यावेत. दर कागदाला एक कार्ड. त्यावर चारच गोष्टी: कागद कोणत्या लिपीत आहे, त्यावर वर्ष किंवा मिती दिसते का, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीप्रमाणे तो कशाचा आहे, आणि तो घरात कुठे ठेवला आहे. मोडी न येताही एवढे लिहिता येते. काका, आत्या, आजोबा यांना मुलांनी विचारावे आणि मुलांनीच लिहावे. फोटो काढला तर फोटोला कार्डाचाच क्रमांक द्यावा. कागद कोणी कोणाला द्यायचे नाहीत, ते घरीच राहतील. मंडळाने कार्डांची एक प्रत एका खणात ठेवली तर पुढच्या वर्षी मोडी जाणणाऱ्या एखाद्या माणसाला बोलावून निवडक कागद वाचून घेता येतील. ग्रंथपेटीच्या खर्चात जशी गावाने आपला वाटा उचलला, तसा हा आपला वाटा.

आमच्या घरी सुरुवात झाली आहे. आईला आजीकडून ऐकलेले थोडे आठवते, ते माझी मुलगी लिहून घेते. आतापर्यंत सव्वीस कार्डे झाली. त्यातल्या सातांवर ‘कशाचा आहे’ या ओळीपुढे प्रश्नचिन्ह आहे. आजी असती तर ती सातही पुसली गेली असती. ज्यांच्या घरी आजी आहे त्यांनी आज आरतीनंतर तिच्याजवळ वही घेऊन बसावे.

गणपती हा महाभारताचा लेखक. अर्थ समजल्याशिवाय पुढचे अक्षर लिहायचे नाही, अशी अट व्यासांनी त्याला घातली होती, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. समजून घेऊन उतरवून ठेवण्याची बुद्धी तो आपल्यालाही देवो.

गणपती बाप्पा मोरया!